ओटी भरलेलं पाणी

बाबांनी एका दमात ‘जा’ म्हटलं, तिथेच मला पहिला संशय आला.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी वसईच्या कॉलेजात भूगोल घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि आमच्या वर्गाची सहल केरळात निघाली होती. त्यात एक अख्खा दिवस अलेप्पीचा होता. अलेप्पी म्हणजे कालव्यांचं शहर, तिथे रस्त्यांपेक्षा पाण्यावरून जास्त रहदारी चालते, असं सरांनी वर्गात नकाशा टांगून सांगितलं होतं. घरी मी विचारलं ते नकार गृहीत धरूनच. आदल्या वर्षी माणिकपूरला मैत्रिणीच्या बहिणीच्या हळदीला जायचं होतं, तर बाबांनी दिवेलागणीच्या आत मला परत आणायला दादाला रिक्षा घेऊन पाठवलं होतं. असा माणूस पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाला, “जा की. आठवडाभर तरी असेल ना?” असेल, मी म्हटलं. “मग चांगलं आहे,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी माणिकपूरहून माझ्यासाठी चाकांची नवी बॅग घेऊन आले.

मी आईला विचारलं, बाबांना बरं नाहीये का? आई म्हणाली, “गप गो हवालदार, दिलं तर घे.”

घरात मला हवालदार म्हणत. हा संशयी स्वभाव काही मी जन्मतः घेऊन आले नव्हते, तो मला टँकरनी दिला. त्या वर्षांत रेल्वेच्या पूर्वेला, विरारकडे, चाळींवर चाळी आणि इमारतींवर इमारती उठत होत्या. त्यांना लागणारं पाणी आमच्या पश्चिमेच्या गावांतल्या विहिरींतून टँकरने जायचं. विहिरी आटायला लागल्या तसे आम्ही सगळेच डोळ्यांत तेल घालून बसलो. गल्लीत अनोळखी माणूस शिरला आणि विहिरीत वाकून बघू लागला, की आम्ही पोरं धावत घरी वर्दी द्यायचो. मी बारावीत असताना गल्लीच्या तोंडाशी बाया टँकरसमोर आडव्या बसल्या, त्यांत मीही होते. माझ्यामागे हाताची घडी घालून बाबा उभे होते. टँकर रिकामा परत गेला तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर एक टपली मारली. एवढं कौतुक त्यांनी माझ्या बोर्डाच्या निकालाचंही केलं नव्हतं.

आमची वाडी काही फार मोठी नव्हती. केळी, थोडा पानवेलीचा मांडव, मोगऱ्याचे वाफे, कडेने माड, आणि घराच्या मागे बावखल. वसईबाहेरच्या माणसाला बावखल समजावून सांगावं लागतं. तळं म्हणावं तर ते लहान असतं आणि डबकं म्हटलेलं आम्हाला खपत नाही. कधीकाळी घराच्या जोत्यासाठी माती काढली, त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं आणि वर्षभर झिरपत राहून ते विहिरी गोड ठेवू लागलं. समुद्र एवढा जवळ असून आमच्या विहिरीचं पाणी पिता यायचं ते बावखलाच्या जिवावर. कमरेला सुके नारळ बांधून मी तिथेच पोहायला शिकले. आमच्या गणपतीचं विसर्जन तिथेच व्हायचं. काठावरचा करंज पाण्यावर आडवा झुकला होता आणि त्याच्या खोडावर बसून मी दहावीपासूनचा सगळा अभ्यास केला होता. आजूबाजूची बावखलं एकेक करून बुजत चालली होती, आमच्या दोन्ही शेजाऱ्यांची तर बुजलीसुद्धा. आमचं तेवढं राहील याची मला खात्री होती, कारण टँकर अडवणाऱ्या माणसाच्या वाडीत ते होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आई मला बावखलाच्या कडेला दगडावर बसलेली दिसली. पुढ्यात ताट होतं, ताटात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. ती पाण्याची ओटी भरत होती.

“हे काय मधेच?” मी विचारलं.

“तू पाण्याच्या गावाला चाललीस,” ती पाठमोरीच म्हणाली, “तर पाण्याला सांगून ठेवलेलं बरं.”

तिने खण पाण्यात सोडला, नारळ सोडला. उठली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. मी पहिल्यांदाच एवढ्या लांब जात होते, तेव्हा मलाही भरून आलं आणि मी तिला मिठी मारली. दिसेल त्याच्यावर संशय घेणारी मी, त्या वेळी माझी हवालदारी कुठे गेली होती कोण जाणे.

सहलीत आमच्या वर्गातला एक मुलगा होता, मनवेलपाड्याचा. वर्गात आम्ही एकमेकांना गावावरूनच हाका मारायचो आणि विरार पूर्वेचा तो एकटाच, म्हणून त्याचं नावच मनवेलपाडा पडलं होतं. त्याचे वडील मुंबईला नोकरीला जायचे, पण त्याच्या मामाचे डंपर होते. मुरूम-मातीचा भराव टाकायची कामं मामा घ्यायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. कुठे बावखल बुजलं की आम्ही पश्चिमेच्या पोरी त्याला ऐकवायचो, “आज कुणाचं गिळलं रे तुझ्या मामाने?” तो हसून सोडून द्यायचा. मला ते हसणंही संशयास्पद वाटायचं.

अलेप्पीला आम्ही बोटीच्या धक्क्याजवळच्या एका लॉजवर उतरलो होतो. सकाळी नाश्त्याला खालच्या हॉटेलात गेलो, तर पोऱ्याने प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास आणून ठेवला. पाणी गरम होतं आणि चक्क गुलाबी होतं. वसईच्या पोरी त्या, पाण्याच्या बाबतीत कुणावर विश्वास ठेवायच्या नाहीत. एकीने वास घेतला, एकीने बोट बुडवून बघितलं, मी ग्लास उजेडासमोर धरला. कसल्यातरी लाकडाची साल घालून उकळतात, तब्येतीला चांगलं असतं, असं सर सांगत होते, पण सरांनी स्वतःचा ग्लास अजून उचलला नव्हता हे मी बघून ठेवलं.

मनवेलपाड्याने मात्र घटाघटा पिऊन टाकलं. “पी गं,” तो मला म्हणाला, “काय नाय होत. तुमच्या बावखलाच्या पाण्यापेक्षा तर साफ आहे.”

“तू कधी बघितलंस आमचं बावखल?”

त्याने माझ्याकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि मग पोऱ्याला हाक मारून आणखी एक डोसा मागवला.

माझे कान टवकारले ते तिथे. आमच्या घरी तो कधी आलेला नव्हता. आमच्यासारख्या घरात वर्गातला मुलगा असा सहज येतही नसे.

नाश्ता झाल्यावर सरांनी चार-चारचे गट पाडले. शहर पायी बघा, काय बघितलं ते लिहून आणा, आणि जेवणाआधी धक्क्यावर हजर व्हा, तिथून बोटीने पलीकडच्या भातशेतीच्या गावांत जायचं, असा हुकूम सुटला. मनवेलपाडा नेमका आमच्या गटात आला. सरांनी त्याला दुसऱ्या गटात घातलं होतं, तोच एकाशी अदलाबदल करून आमच्याकडे आला. हेही मी मनात टिपून ठेवलं.

शहर बघायला मला आवडलं असतं, जर माझं लक्ष त्याच्या पाठीकडे नसतं. ओळंब्यात धरल्यासारखे सरळ कालवे, दोन्ही अंगांना रस्ते, थोड्या थोड्या अंतरावर कमानीचे पूल. पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर इतका दाट, की कडेला बांधलेल्या जुन्या होड्या पाण्यात आहेत की गवतात हे कळू नये. काथ्याची मोठमोठी गोदामं, त्यांच्या भिंती काळ्या पडलेल्या, आणि नारळाच्या कुजलेल्या सोडणांचा वास, जो आमच्याकडेही पावसाळ्यात माडाखाली येतो. घराघरातून पायऱ्या सरळ पाण्यात उतरलेल्या होत्या. तिथे बाया धुणी धूत होत्या, भांडी घासत होत्या. इथे कुणी पाणी बुजवत नव्हतं की राखत नव्हतं, ते आपलं होतं तसं होतं. मला हेवा वाटला. मग एका पुलाच्या टोकाशी नळावर हंड्या-कळश्यांची रांग दिसली. एवढं पाणी दारात, आणि प्यायला मात्र नळाची वाट बघायची! हे बघून माझा हेवा जरा निवला, हे कबूल करायला हरकत नाही.

त्या पुलाच्या पुढे एक झाड पाण्यावर झुकलं होतं. मनवेलपाडा थांबला. बाकीच्या दोघी पुढे गेल्या होत्या.

“तुमच्या करंजासारखं आहे ना सेम?” तो म्हणाला. “फक्त तुमचा अजून आडवा आहे.”

आमचा करंज रस्त्यावरून दिसत नाही. फाटकातून दिसत नाही. घराला वळसा घालून, केळीतून आत गेल्याशिवाय तो कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. म्हणजे हा आमच्या वाडीत येऊन गेला होता. मी घरात नसताना.

मी काही विचारलं नाही. चोराला सावध करायचं नाही, हा हवालदारीतला पहिला धडा. मी नुसतं ‘हो’ म्हटलं आणि त्याच्या मागे दोन पावलं राहून चालू लागले. त्याने दोनदा मागे वळून बघितलं.

थोड्या वेळाने तो म्हणाला, “आईला केळ्याचे वेफर्स घेऊन येतो, तुम्ही व्हा पुढे,” आणि पूल ओलांडून पलीकडे गेला. मी मैत्रिणींना चप्पल तुटल्याचं सांगितलं आणि मागे निघाले. त्याने वेफर्सच्या दुकानाकडे ढुंकूनही बघितलं नाही. तो सरळ एसटीडीच्या बूथमध्ये शिरला. शेजारी फळांचं दुकान होतं आणि तिथे लाल केळीचे घड टांगलेले होते. केळीवाल्याची मुलगी मी, केळीच्याच आडोशाला उभी राहिले. दुकानदार मला भाव सांगत होता आणि मी त्याच्याकडे बघून मान डोलावत होते.

बूथचं दार नीट लागत नव्हतं. त्याचे शब्द तुटक तुटक ऐकू आले.

“हां मामा... नाही, तिला काहीच माहीत नाही... नाही हो, मी नाय सांगितलं... पण मामा, ऐका ना...”

पुढचं एका बसच्या हॉर्नमध्ये गेलं. पण मला पुरेसं झालं होतं. सगळा डाव माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. याच्या मामाचा आमच्या वाडीवर डोळा होता. सातबाऱ्यावर कुणाकुणाची खोटी नावं चढल्याच्या गोष्टी तेव्हा गल्लीगल्लीत ऐकू यायच्या. भाच्याला माझ्या पाठी सहलीला पाठवायचं, मी काही बोलते का ते काढून घ्यायचं, आणि इकडे बाबांना गाफील गाठायचं. भोळे बिचारे बाबा! पेपरातून डोकं वर काढत नाहीत, त्यांना कोण सावध करणार? मला रडू यायच्या बेतात होतं आणि त्याच वेळी मनातून खूप महत्त्वाचंही वाटत होतं.

तो निघून गेल्यावर मी बूथमध्ये शिरले आणि घरचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला, पुन्हा एंगेज. बाबांना फोनवर दोन वाक्यांच्या वर बोलता येत नाही आणि आई फोनला हातही लावायची नाही. मग घरचा फोन एवढा वेळ कशासाठी अडकला होता, हा संशय मला यायला हवा होता. तो आला नाही. धक्क्याकडून सरांची शिट्टी ऐकू आली आणि मी पळत सुटले.

बोट सरकारी होती, आपल्याकडच्या एसटीसारखी. ठिकठिकाणच्या धक्क्यांना लागत, माणसं उतरवत आणि चढवत जायची. कंडक्टरने घंटी दिली की पुढे, पुन्हा दिली की थांबा. कालवा संपून मोठं पाणी लागलं आणि दोन्ही बाजूंना पाण्यापेक्षा खाली असलेली शेतं दिसू लागली. सर वही उघडून सगळ्यांना बांध दाखवत होते. मी मागच्या बाकावर बसले होते. मनवेलपाडा आला आणि माझ्या शेजारी बसला. त्याने वेफर्सचं पाकीट पुढे केलं. म्हणजे घेतले होते तर.

आता पळायला जागा नव्हती, त्यालाही आणि मलाही. मी विचारलं, “आमच्या वाडीत का आला होतास?”

त्याने सुटकेचा श्वास टाकला. मला वाटलं होतं तो दचकेल.

“मामांबरोबर आलेलो,” तो म्हणाला. “मागपर्यंत गाडी वळेल का, ते बघायला.”

“कुणाला विचारून?”

“फाटक आतूनच उघडलं ना कुणीतरी.”

“खोटं बोलतोस.”

“चहा पण दिला आम्हाला. गवती चहा घातलेला.” तो वेफर्सच्या पाकिटाकडे बघत बोलत होता. “तुझे बाबाच घेऊन गेले आम्हाला मागे. सगळं दाखवलं. करंजाजवळ उभे राहून बोलले, माझी पोरगी इथे बसून शिकली.”

मी त्याला सांगितलं की हे शक्य नाही. बाबांनी टँकर अडवला होता. बाबा स्वतः मागे उभे होते. मी हे एवढ्या मोठ्याने म्हणाले की पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळून बघितलं. बोट एका धक्क्याला लागली, शाळेची दोन मुलं उतरली, घंटी झाली, बोट निघाली.

मग तो हळू आवाजात म्हणाला, “एक विचारू? तुझ्या आईने ओटी भरली ना, पाण्याची?”

“तुला काय करायचंय?”

“आमच्या ड्रायव्हर लोकांचं आहे एक. विहीर असो की बावखल, घरच्या बाईने ओटी भरल्याशिवाय ते पहिली गाडी खाली करत नाहीत. एकदा एकाने तशीच केली, तर काठ खचला आणि गाडी पाण्यात कलंडली. तेव्हापासून मामा पण ऐकतात त्यांचं. तुमच्याकडची ओटी झाली, असं मामा बोलले. मला वाटलं, एवढं झालं म्हणजे तुला घरात कुणीतरी सांगितलं असेल.”

खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. आईचे भरलेले डोळे. ती माझ्यासाठी रडली असं समजून मी तिला मिठी मारली होती. चाकांची बॅग, ‘आठवडाभर तरी असेल ना?’, ‘मग चांगलं आहे’, सगळं एकापाठोपाठ एक जागेवर बसत गेलं. सकाळपासून मी ज्याच्या पाठीवर डोळे ठेवून होते, तोच एकटा माझ्याशी खरं बोलत होता.

“आधी का नाही सांगितलंस?”

“तुझ्या बाबांनी मामांना बोलून ठेवलेलं, पोरीला कळता कामा नये. मामांनी मला शपथ घातली. मग मी सकाळपासून आपला असंच काय काय बोलत होतो, पाण्याचं, झाडाचं. म्हटलं तू विचारशील. तू साला विचारतच नव्हतीस, नुसती बघत होतीस.” तो जरा थांबला. “मघाशी मामांना फोन केला. बोललो, ती येईपर्यंत थांबा. ते बोलले, तुला काय करायचंय, पाणी उपसून झालंय, गाड्या निघाल्यात.”

गाड्या निघाल्या होत्या. म्हणजे अजून पोचल्या नव्हत्या, असा मी त्याचा अर्थ घेतला. मला ताबडतोब बोटीतून उतरायचं होतं, पण उतरून जाणार कुठे? चहूकडे पाणीच होतं. सर लांबून मला म्हणाले, “बोला, ही शेतं समुद्रसपाटीच्या खाली कशी टिकतात, सांगा बघू?” मला उत्तर येत होतं. मी पुढचा धक्का कुठे दिसतोय ते बघत होते. बोट शेवटच्या गावापर्यंत गेली, तिथे सगळे उतरले, जेवले, फोटो काढले, आणि मग ती त्याच संथपणे प्रत्येक धक्क्याला लागत परत निघाली. इतका राग मला आयुष्यात कुठल्या वाहनाचा आलेला नाही.

अलेप्पीच्या धक्क्यावर उतरल्या उतरल्या मी बूथकडे धावले. सरांना काय सांगायचं ते मनवेलपाड्याने सांगितलं असणार, कारण मला कुणी हाक मारली नाही. या वेळी फोन लागला. आणि आईने उचलला, जी कधी उचलत नाही.

“जेवलीस का गो?”

“आई, बाबांना दे.”

“ते मागे आहेत.”

“मागे म्हणजे कुठे?”

तिच्या गप्प बसण्यातून मला मागचं ऐकू आलं. मोठं इंजिन घरघरत होतं आणि कुणीतरी पुरुष ओरडत होता, “आने दे, आने दे, आने दे... बस!” मग माती ओतल्याचा लांबलचक आवाज आला. पावसात आमच्या घराच्या मागे पाणी पडताना येतो, तसा काहीसा. मी पाण्याचे सगळे आवाज ओळखायचे, हा नवा होता.

“आई, थांबव त्यांना,” मी म्हटलं. “मी येईपर्यंत थांबव. मी आजच निघते. बाबांना बोलव फोनवर, आई, मी तुझ्या पाया पडते.”

तिने रिसीव्हर टेबलावर ठेवला. तिच्या चपला मागच्या दाराकडे गेलेल्या मला ऐकू आल्या. तिने बाबांना हाक मारली, एकदा, दोनदा. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते, बाहेर कालव्यावर एक माणूस बांबूने होडी ढकलत चालला होता आणि मी रिसीव्हर कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. मग तिकडे पावलं आली. रिसीव्हर उचलला गेला. बाबांचा खोकला मी कुठेही ओळखते.

“बाबा,” मी म्हटलं.

ते ऐकत होते. त्यांचा श्वास येत होता. मी पुन्हा म्हटलं, “बाबा, नका ना.” त्यांच्या मागे पुन्हा तो माणूस ओरडू लागला, “आने दे, आने दे.” बाबांनी फोन ठेवला. आपटला नाही, झोपलेल्या माणसाच्या उशाशी काही ठेवावं तसा हळू ठेवला.

मी आजच निघते असं म्हटलं होतं खरं, पण एकट्या मुलीला तिथून कोण पाठवणार होतं? सहल संपेपर्यंत मी सगळ्यांबरोबर फिरले. पुढची दोन गावं मला आठवत नाहीत. मनवेलपाडा रोज जेवताना माझ्याजवळ येऊन बसायचा, एवढंच.

घरी आले तेव्हा मागे लाल मुरूम पसरलेला होता, रोलर फिरवून सपाट केलेला. करंज जागेवर होता. त्याचं आडवं खोड निम्मं मातीत गेलं होतं आणि वर राहिलेल्या फांद्या आता नुसत्या जमिनीवर वाकल्या होत्या. ती मागची बाजू बिल्डरला दिली आहे, असं दादाने सांगितलं. वाडीतून आता काही सुटत नाही, आजूबाजूची सगळी बावखलं बुजल्यावर आपल्या एका बावखलाने काय होणार होतं, घेणाऱ्याला जागा सपाट हवी होती. ही सगळी कारणं खरी होती. मी ती बाबांच्या तोंडून ऐकायला थांबले होते. बाबांनी एकही सांगितलं नाही. मी त्यांच्याशी भांडले, रडले, जेवण सोडलं, नंतर पुन्हा जेवू लागले. ते प्रत्येक वेळी उठून केळीत निघून जायचे. त्यानंतर घरात मला कुणी हवालदार म्हटलं नाही.

पुढे मी नोकरीला लागले. मागे चार मजली इमारत झाली. एका उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याला आधी मचूळ चव आली, मग ते सरळ खारं झालं, आणि आम्हीही इतरांसारखा टँकर मागवला. ज्या गल्लीच्या तोंडाशी मी आडवी बसले होते, तिथूनच तो आत आला. फाटक मीच उघडलं. बाबा तोवर बरेच वाकले होते. त्यांनी ड्रायव्हरच्या हातातून पाइप घेतला आणि तो टाकीत धरून उभे राहिले. मी शेजारी उभी होते. पाणी पडत होतं आणि बराच वेळ आम्ही दोघं ते बघत होतो.

“तू त्या वेळी घरात असतीस ना,” बाबा टाकीकडे बघतच म्हणाले, “तर माझ्याच्यान झालं नसतं ते.”

इतक्या वर्षांत त्या गोष्टीवर ते पहिल्यांदा बोलत होते. ते मला दुखवायला म्हणत नव्हते, उलट त्यांच्या परीने माझी किंमत सांगत होते, हे मला कळत होतं. पण मला एवढंच ऐकू आलं, की मी त्या दिवशी घरी असते तर बावखल राहिलं असतं.

“मग मला जाऊ कशाला दिलंत, बाबा?”

“म्हणून तर पाठवली गो तुला,” ते म्हणाले आणि पाइप दुसऱ्या हातात घेतला.